हात 'ऐकतो' म्हणजे नक्की काय करतो?

विंग चुन या चिनी कुंग फूच्या शैलीतले दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटं एकमेकांना चिकटवतात आणि हात गोल गोल फिरवत बसतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे हवेत कणीक मळतायत की काय. याला म्हणायचं ची साओ, म्हणजे चिकटते हात. (यातला 'ची' म्हणजे फक्त चिकटणं बरं का, तो गूढ ऊर्जावाला ची वेगळा, दोन्हीची सरमिसळ करून लोकांनी भरपूर भाकडकथा रचल्यात.)

टेकलेल्या हातानेच समोरच्याची हालचाल ओळखायची, यालाच हात 'ऐकतो' म्हणतात. डोळे बांधूनही हे जमतं, आणि त्यात जादू काही नाही. डोळ्याला काही दिसल्यावर हात हलायला साधारण ०.२ सेकंद लागतात, पण हात आधीच टेकलेला असेल आणि समोरच्याने ढकललं तर स्नायू ताणला जातो, त्यातले ताण मोजणारे तंतू लगेच कळवतात आणि पहिली प्रतिक्रिया मणक्यातूनच ०.०५ सेकंदाच्या आत येते. तिच्यामागून, ०.१ सेकंदाच्या आतच, दुसरी येते जिच्यात मेंदूचाही हात असतो, आणि 'अडव' की 'सोडून दे' असं मनात आधी ठरवलं असेल तसं ती बदलते. माझ्या मते सगळी प्रॅक्टिस खरं तर हिच्यासाठीच. त्वचेचं कौतुक जरा जास्तच होतं, कारण दोन टोकं टोचली तर बोटाच्या टोकाला २-३ मिलिमीटरवरही ती वेगळी कळतात, पण कोपर ते मनगट या भागात जवळजवळ ४ सेंटिमीटर अंतर लागतं.

मग ताई ची या दुसऱ्या चिनी कलेतले लोक तुईशौ, म्हणजे हात टेकवून एकमेकांना ढकलायचा सराव, करताना एवढे ढिले का असतात? याचं उत्तर जर्मनीच्या वेबर या शास्त्रज्ञाकडे आहे, त्याने १८३४ मध्ये लिहून ठेवलं की फरक कळणं हे आधीच्या वजनावर अवलंबून असतं. हातात १०० ग्रॅम असताना १० ग्रॅम वाढवले तर कळतात, ५ किलो धरलेत तर तेच १० ग्रॅम गेले कुठे पत्ता नाही. म्हणजे आपणच जोर लावून बसलो की समोरच्याची हालचाल त्या जोरात बुडून जाते.

हंग गार या आणखी एका कुंग फू शैलीत मात्र उलटा कारभार, तिथे हाताला 'पूल' म्हणतात आणि तो चांगला ताणून, घट्ट ठेवून दाबतात. बारीक ऐकू येणं कमी होतं हे खरं, पण आधीच आवळलेल्या स्नायूत तो मणक्यातला झटका जास्त जोरात येतो, शिवाय कडक हात स्वतःच धक्का अडवतो, नसांची वाट बघत नाही. मग कोण बरोबर? दोघंही, फक्त प्रत्येकाने किंमत वेगळ्या ठिकाणी मोजलीय. विंग चुन मधेच कुठेतरी, हात ढिला पण पुढे हलका रेटा कायम, त्यामुळे समोरच्याने हात काढला रे काढला की आपला हात स्प्रिंगसारखा आपोआप पुढे जातो.

अडचण एकच, हात टेकेपर्यंत यातलं काहीच चालत नाही. तोपर्यंत डोळे आणि ते ०.२ सेकंद, म्हणून काही मास्तर चिकटून सुरुवात करूच देत नाहीत, दोन पावलं लांब उभं करतात आणि म्हणतात आता ये.