हिटलरच्या वह्या आणि जांभळा दिवा

१९८३ च्या एप्रिलमध्ये हॅम्बुर्गच्या ‘श्टर्न’ साप्ताहिकाने जाहीर केलं, की हिटलरच्या हस्ताक्षरातल्या साठेक रोजनिश्या आपल्या हाती लागल्या आहेत. त्यांच्यासाठी सुमारे ९३ लाख मार्क मोजले गेले होते. नामांकित इतिहासकार त्यांवर भाळले, वर्तमानपत्रांनी छपाईचे हक्क घेतले. आणि ६ मे रोजी पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने निकाल दिला: वह्या बनावट आहेत, त्याही ढोबळपणे केलेल्या.

वह्या कॉनराड कुयाउ नावाच्या गृहस्थाने लिहिल्या होत्या. कागद जुना दिसावा म्हणून त्याने पानांवर चहा ओतला, वह्या आपटून मळवल्या. डोळ्यांना फसवायला तेवढं पुरलं. अतिनील दिव्याला मात्र चहाशी काही देणंघेणं नव्हतं.

पांढराशुभ्र कागद मुळात तितका पांढरा नसतो. लाकडाच्या लगद्याला पिवळसर छटा असते. ती लपवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात एक रसायन मिसळायला सुरुवात झाली. न दिसणारे अतिनील किरण शोषून ते निळसर प्रकाश बाहेर टाकतं. पिवळ्यात ही निळाई मिसळली की कागद झळझळीत वाटतो. कपडे धुण्याच्या पावडरीतही याच जातीची रसायनं असतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की असा कागद निळा पेटतो आणि युद्धकाळातला कागद मंद, मळकट राहतो. कुयाउच्या वह्यांची पानं पेटली. बांधणीच्या दोऱ्यांत युद्धानंतरचे कृत्रिम धागे निघाले. शाईतलं क्लोराइड काळानुसार आजूबाजूच्या तंतूंत किती पसरलं हे मोजल्यावर लिखाण अगदी अलीकडचं ठरलं.

मग हस्ताक्षरतज्ज्ञ आधी कसे फसले? त्यांनी वह्यांतलं अक्षर हिटलरच्या ‘अस्सल’ कागदांशी ताडून पाहिलं आणि ते जुळलं. पण त्या नमुन्यांतले काही कागद कुयाउनेच लिहिलेले होते! तो अनेक वर्षं नाझी काळातल्या वस्तूंच्या संग्राहकांना चिठ्ठ्या, कविता, चित्रं विकत आला होता. त्याचा माल बाजारात इतका मुरला, की १९८० साली छापलेल्या, हिटलरच्या सुरुवातीच्या लिखाणाच्या एका अभ्यासग्रंथातही त्याचे डझनांनी कागद शिरले. तज्ज्ञांचं निदान एका अर्थी बरोबर होतं: दोन्ही अक्षरं एकाच माणसाची होती.

प्रयोगशाळा ‘नाही’ बऱ्याच खात्रीने सांगू शकते, ‘होय’ सांगू शकत नाही. संग्राहकांच्या बाजारात ‘प्रयोगशाळेत तपासलेलं’ असं प्रमाणपत्र दाखवलं जातं, तेव्हा नेमकं हेच झाकलं जातं. कागद निळा पेटला तर तो १९४० चा नाही, इतकं म्हणता येतं. तेही जपून, कारण पाण्यात भिजल्यामुळे किंवा नव्या कागदाला चिकटून राहिल्यामुळे हे रसायन जुन्या कागदावर उतरू शकतं. नाही पेटला, तर काहीच सिद्ध होत नाही. जुन्या वह्यांतली कोरी पानं आणि सरकारी कार्यालयांचे न वापरलेले छापील कागद मिळवणारे महाभाग काही कमी नाहीत. अणुचाचण्यांमुळे १९५५ नंतर हवेतलं कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) झपाट्याने वाढलं, त्याचा माग कागदातही लागतो. पण लगदा जुन्या झाडांचा असला तर तिथेही संदिग्धता उरते.

फोटोंच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड. फोटोच्या कागदात ही निळी पेटणारी रसायनं १९५० च्या दशकात आली. अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन १९४० मध्ये वारला. त्याच्या हयातीतल्या म्हणून विकलेल्या काही प्रती १९९० च्या दशकाअखेर याच खुणेवरून उघड्या पडल्या. जुन्या कृष्णधवल फोटोच्या कडांना आणि गडद भागांना निळसर धातूची झाक येते. प्रतिमेतली चांदी हळूहळू पृष्ठभागावर येऊन साठते म्हणून. ही वयाची बरी खूण आहे, पण एकट्या तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय १९४० ची मूळ निगेटिव्ह वापरून १९७० मध्ये छापलेला फोटो खरा म्हणायचा की खोटा? संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते. इतिहासकाराच्या लेखी त्यातलं दृश्य तेवढंच खरं. उलट हिटलरचा खासगी छायाचित्रकार हाइन्रिश हॉफमन याच्या स्टुडिओतले फोटो कागद, शाई, शिक्क्यासकट अस्सल असतात. पण ते प्रचारासाठीच काढलेले, त्यामुळे त्यांवर विश्वास कितपत ठेवायचा हे प्रयोगशाळा सांगत नाही.

खरा भरवसा हस्तांतराच्या साखळीवर असतो: कागद कुणी बनवला, कुणाच्या फायलीत होता, कुणाच्या हाती लागला. बनावट करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. २१ एप्रिल १९४५ ला हिटलरचं खासगी सामान नेणारं एक विमान सॅक्सनीतल्या ब्योर्नर्सडोर्फजवळ खरोखरच कोसळलं होतं. वह्या त्या विमानातून मिळाल्या, अशी कहाणी रचली गेली. विमान खरं, म्हणून वह्याही खऱ्या!

लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तर कुणीतरी उलटी चोरी केली. हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याच्यासंबंधीचे काही धक्कादायक कागद २००५ मध्ये संशयास्पद ठरले. चौकशीत १२ फायलींत मिळून २९ बनावट कागद निघाले. काहींची शीर्षकं लेझर प्रिंटरने छापलेली होती. एका सहीखाली आधी पेन्सिलने गिरवल्याची रेष होती. म्हणजे कागद चोरीला गेले नव्हते, बाहेरून आणून फायलींत घुसवले होते. सरकारी दप्तराचा शिक्का हीच खात्री मानणाऱ्या सगळ्यांना हा मोठा दणका होता.

बाजार या साखळीचं जे नुकसान करतो, त्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग येतो. सैनिकाचा किंवा अधिकाऱ्याचा अल्बम अखंड विकण्यापेक्षा एकेक फोटो सुटा विकला तर पैसे जास्त मिळतात. मग पानं फाडली जातात, मथळे जातात, क्रम जातो.

क्रम गेला तर काय जातं? आउश्वित्स या नाझी मृत्युछावणीच्या कमांडंटचा सहायक कार्ल हॉकर याचा ११६ फोटोंचा अल्बम पाहावा. १९४६ मध्ये एका अमेरिकी अधिकाऱ्याला तो फ्रँकफर्टमधल्या एका रिकाम्या घरात मिळाला आणि २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयाकडे आला. अल्बमवर मालकाचं नाव नव्हतं. पहिल्या पानावरचा ‘२१ जून १९४४’ हा मथळा आणि लष्करी नोंदी ताडून माणूस ओळखला गेला. २२ जुलै १९४४ च्या फोटोंत छावणीत काम करणाऱ्या तरुणी कठड्यावर बसून ब्लूबेरी खाताना दिसतात. सुटा विकला, तर हा कुठल्याशा सहलीचा गोड फोटो ठरला असता. तारखेमुळे कळतं, की त्याआधीच्या दोन महिन्यांत हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यू हद्दपार केले गेले होते, आणि त्यांतले बहुतेक याच छावणीत आणले गेले होते.

नाझी विचारवंत आल्फ्रेड रोझेनबर्ग याच्या रोजनिशीचं नशीब बरं. युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यातले वकील रॉबर्ट केंपनर यांनी ती स्वतःबरोबर अमेरिकेला नेली आणि पुढे ती गायबच झाली. २०१३ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेने सुमारे ४२५ पानं शोधून काढली. त्याच रोजनिशीची इतर काही पानं खटल्यापासूनच सरकारी दप्तरात होती, त्यामुळे ताडून पाहायला नमुना बाजारातून आणावा लागला नाही. आता तिची पानं होलोकॉस्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.