जुनी गाठ, नवा वेग: अ‍ॅनाप्लास्टिक थायरॉइड कर्करोगाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांना थायरॉइडचा कर्करोग झाल्याचं जाहीर झालं. वय ८०. श्वासासाठी गळ्यातून नळी बसवावी लागली, पाठोपाठ रेडिएशन आणि केमो. सप्टेंबर २००५ मध्ये ते गेले. कर्करोगाचा प्रकार जाहीर केला नव्हता, पण उपचार ऐकूनच अनेक तज्ज्ञांनी दुर्मीळ आणि फार वेगाने वाढणाऱ्या अ‍ॅनाप्लास्टिकचा अंदाज बांधला होता.

एरवी थायरॉइडचा कर्करोग ‘त्यातल्या त्यात बरा’ समजला जातो. त्याचं श्रेय बरंचसं १९४०च्या दशकात आलेल्या किरणोत्सारी आयोडीनला: थायरॉइडच्या पेशी ते शोषतात आणि त्याच्या किरणांनी मरतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येही तेच देतात. अ‍ॅनाप्लास्टिक पेशी मात्र आयोडीन शोषायचंच विसरलेल्या असतात. हा प्रकार थायरॉइड कर्करोगांत जेमतेम १ ते २ टक्के, बहुतेक रुग्ण साठीपुढचे. निदानानंतरचं आयुष्य वर्षानुवर्षं सरासरी पाचेक महिने मोजलं गेलं.

पुष्कळदा तो जुन्या गलगंडातच उगवतो. ‘आजीला ती गाठ कधीपासूनच आहे’ म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि दोन-तीन आठवड्यांत आवाज घोगरा होतो, घास अडकू लागतो.

निदानाचा इतिहासही सरळ नाही. पूर्वी याचा ‘लहान पेशींचा’ एक उपप्रकार मानत. १९८०च्या दशकात प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशी रंगवून ओळखता येऊ लागल्या, तेव्हा त्यातले बरेचसे लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचे कर्करोग निघाले. लिम्फोमा उपचारांना चांगला दाद देतो. त्यामुळे जुन्या नोंदींतल्या ‘चमत्कारिक’ बऱ्या झालेल्यांकडे जरा संशयानेच पाहावं.

औषधांत १९७४च्या डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधानंतर दीर्घ शांतता. २००२ मध्ये कर्करोगांतला, पेशींना वाढायचा इशारा देणाऱ्या बीआरएएफ जनुकातला बदल सापडला. मे २०१८ मध्ये, तो बदल असलेल्या रुग्णांसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या तोंडी घ्यायच्या औषधांच्या जोडीला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुरावा अवघ्या २३ रुग्णांचा. ६१ टक्क्यांमध्ये गाठ लक्षणीय आक्रसली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयात २०००-१३ मध्ये वर्षभर जगणारे ३५ टक्के होते, २०१७-१९ मध्ये ५९ टक्के.

हा बदल सगळ्यांत नसतो, आणि संपूर्ण जनुकीय अहवालाला आठवडे लागू शकतात. तेवढी सवड हा आजार देत नाही. म्हणून बायॉप्सीच्या तुकड्यावरच आधी बीआरएएफचा रंग-परीक्षणाचा निकाल मागवतात. तो एक-दोन दिवसांत हाती येऊ शकतो.