गजवाद्यांतील तारकंपन
व्हायोलिन, चेलो, सारंगी, दिलरुबा इ. वाद्यांत गजाच्या (केस ताणून बसवलेल्या काठीच्या) घर्षणाने तारेत निर्माण होणारे व टिकून राहणारे आवर्ती कंपन. राळ लावलेल्या केसांना तार चिकटते, त्यांच्याबरोबर ओढली जाते आणि सुटून झपाट्याने मागे घसरते. स्थितिक (न घसरतानाचे) घर्षण गतिक (घसरतानाच्या) घर्षणापेक्षा जास्त असते, एवढ्यावर जुने विवेचन थांबे. घसरताना राळ तापून मऊ होते, हा अलीकडच्या प्रयोगांतून पुढे आलेला मुद्दा अधिक ग्राह्य वाटतो.

तार डोळ्यांना फुगीर कमानीसारखी दिसते, पण ते खरे रूप नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी कंपन-सूक्ष्मदर्शक वापरून दाखवले (ग्रंथ १८६३), की कोणत्याही क्षणी ती जवळजवळ दोन सरळ रेषांची असते आणि त्यांमधला कोपरा तारेच्या दोन टोकांदरम्यान येरझाऱ्या घालतो. कोपरा घोडीकडे (तार जिच्यावर टेकते त्या आधाराकडे) जाताना गजापाशी आला की तार सुटते. घोडीवरून परतला की पुन्हा चिकटते. एका आवर्तनाचा काळ म्हणजे कोपऱ्याच्या एका येरझारीचा काळ; म्हणूनच स्वराची उंची हाताच्या वेगावर नव्हे, तर मुख्यतः तारेची लांबी, ताण व वस्तुमान यांवर ठरते. गज घोडीपासून एक-दशांश लांबीवर असेल, तर आवर्तनाचा सुमारे नऊ-दशांश काळ तार चिकटलेली असते.

चं. वें. रामन यांनी कोलकात्यात या विषयाचा गतिशास्त्रीय सिद्धांत मांडला (१९१८). त्यांच्या यंत्रात गज स्थिर असे व व्हायोलिनच पुढेमागे सरके. गज घोडीजवळ नेल्यास स्वर टिकवण्यासाठी लागणारा गजाचा किमान दाब घोडीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या साधारण व्यस्त प्रमाणात वाढतो, असे त्यांना आढळले.

चेलोवर विशेष छळणाऱ्या थरथरत्या ‘वुल्फ’ स्वराच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. जी. डब्ल्यू. व्हाइट यांनी (१९१५) तो विस्पंदांचा (जवळजवळच्या दोन कंप्रतांच्या मिश्रणाने होणाऱ्या चढउतारांचा) परिणाम मानला; जॉन शेलेंग यांनीही (१९६३) तार व पेटी (वाद्याचा पोकळ सांगाडा) यांच्या युग्मित (एकमेकांत गुंतलेल्या) कंपनांवर भर दिला. रामन यांच्या मते पेटीच्या अनुनादामुळे (स्वर तिच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळल्याने) घोडी फार हलते, किमान दाब वाढतो, तो अपुरा पडताच तार एका आवर्तनात दोनदा घसरू लागते व वरच्या सप्तकातला स्वर उमटतो. मग पेटी शांत होते आणि मूळ स्वर परततो. एकेरी-दुहेरी घसरणीचे हे चक्र नंतरच्या गणितांतही दिसते, त्यामुळे रामन यांचे विवेचन मुळाच्या अधिक जवळचे मानावे लागते.

सारंगीत घोडी कातड्यावर टेकते व तार नखाच्या बाजूने अडवली जाते. तरफांच्या (गज न लागता कंप पावणाऱ्या तारांच्या) अनुनादाने नाद भरतो. दिलरुब्याला पडदे असतात.