पॅप टेस्ट नॉर्मल आली, तरी गर्भाशयाचं अस्तर तपासायचं राहतंच

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला डाग दिसला, तर घरातलं निदान ठरलेलं: ‘उष्णता झाली, सब्जा घे.’ त्यावर आणखी दिलासा, ‘शिबिरात पॅप टेस्ट नॉर्मल आली होती की!’

उन्हानं असा रक्तस्राव होत नाही; तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतो. आणि पॅप टेस्ट गर्भाशयाच्या मुखाची. आतल्या अस्तराचा कॅन्सर तिच्यात सापडला तर योगायोगच. लठ्ठपणा, मधुमेह किंवा स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेनची गोळी असेल, तर धोका आणखी वाढतो.

अस्तरासाठी सहसा आधी योनीमार्गे सोनोग्राफी करतात. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी. जाड असेल किंवा रक्त पुन्हा गेलं, तर बायोप्सी हवीच. सुमारे ३ मिलिमीटरची लवचिक नळी आत घालून अस्तराचा नमुना घेतात, बहुतेकदा ओपीडीतच, भूल न देता. पाळीसारखी कळ मात्र येते. कॅन्सरआधीची बिघडलेली अस्तरवाढ इथंच कळते, सोनोग्राफीत किंवा रक्ततपासणीत नाही. नमुना अपुरा पडला किंवा बायोप्सी नॉर्मल येऊनही स्राव थांबला नाही, तर दुर्बिणीतून पाहून नेमका तुकडा घेतात.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ म्हणून नळीला नकार देणाऱ्याही आहेत. त्या भीतीला आधार नाही.