ठिणगी कोणाची? चकमक आणि फेरो रॉड

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी आवराआवर चालली होती, तेव्हा आजोबांची चंची सापडली. सुपारी-तंबाखू केव्हाच संपलेली, पण आतल्या कप्प्यात बोटभर लांबीचा, दोन्ही टोकं आत वळवलेला लोखंडाचा तुकडा होता आणि सोबत एक काळपट गारगोटी. भाच्याने ते पाहिलं आणि खिशातून आपला लाल स्विस चाकू काढला. "मामा, ही तर माझ्याकडे पण आहे. फ्लिंट. ऑनलाइन मागवली." चाकूच्या मुठीतली दातकोरणी काढून तिच्या जागी त्याने काडीपेटीतल्या काडीएवढी एक राखाडी कांडी बसवली होती. चाकूतल्या करवतीच्या पाठीने त्याने कांडी खरवडली आणि भुरभुर ठिणग्या उडाल्या. मग तोच चाकू आजोबांच्या गारगोटीवर मारला. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. "दगड एक्स्पायर झालाय, मामा."

दगड एक्स्पायर होत नाही. घोळ नावाचा आहे. ती राखाडी कांडी दुकानात 'फ्लिंट' म्हणून विकली जाते, पण ती फ्लिंट नाही, गारगोटी नाही, मुळात दगडच नाही. तो मिश्रधातू आहे, नाव फेरोसेरियम; रानावनात हिंडणारी पोरं त्याला 'फेरो रॉड' म्हणतात. आजोबांची लोखंड-गारगोटीची जोडी म्हणजे चकमक. चकमक काय नि फेरो रॉड काय, दोन्हींतून ठिणगी पडते, दोन्हींना घासावं लागतं, म्हणून सगळे त्यांना एका माळेत ओवतात. प्रत्यक्षात दोघांचं काम एकमेकांच्या बरोबर उलट आहे. चकमकीत लोखंड जळतं आणि दगड कातरतो. फेरो रॉडमध्ये कांडीच जळते आणि लोखंड कातरतं. हे एकदा डोक्यात बसलं की चाकू कुठला घ्यावा, त्याच्या कुठल्या बाजूने खरवडावं आणि ठिणगीखाली काय ठेवावं, हे पाठ करावं लागत नाही.

आधी चकमक. गारगोटी, अकीक, जास्पर ही सगळी मंडळी एकाच घरची, सिलिकाची. कठीणपणाच्या मोहस् मापावर ती साताच्या आसपास बसतात. कडक पोलाद त्याच्या जरा खाली. दगडाची धारदार कड पोलादावरून तिरपी ओढली की पोलादाचा केसाहून बारीक कीस निघतो. सोलला जातानाच तो इतका तापतो की हवा लागताच पेट घेतो. ठिणगी म्हणजे जळतं लोखंड. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ सालच्या आपल्या 'मायक्रोग्राफिया'त नेमकं हेच तपासलं होतं: पांढऱ्या कागदावर ठिणग्या पाडल्या आणि खाली पडलेले काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्यांत वितळून गोल झालेल्या पोलादाच्या गोळ्या दिसल्या. आम्ही गच्चीवर तोच खेळ केला. सूक्ष्मदर्शक नव्हता म्हणून फ्रिजच्या दारावरचं चुंबक आणलं. कागदावरची काळी पूड चुंबकाला चिकटली, तेव्हा भाच्याने पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

सायकलवर सहाण लावून गल्लीत येणारा धारवाला आठवा. विळीचं पातं चाकाला टेकवलं की ठिणग्यांचा पिसारा फुटतो, तीही चकमकच. नीट बघितलं तर जुन्या लोखंडी विळीच्या ठिणग्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटतात आणि स्टीलच्या सुरीच्या मोजक्या, आखूड, तांबूस पडतात. हा फरक कार्बनचा. पोलादात कार्बन भरपूर हवा आणि त्याला कडक पाणी दिलेलं हवं, म्हणजे लालभडक तापवून एकदम विझवलेलं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम किमान साडेदहा टक्के असतं. तेच त्याला गंजू देत नाही आणि तेच त्याच्या किसाला सहज जळूही देत नाही. भाच्याचा चाकू स्टेनलेसचा. आजोबांच्या गारगोटीने त्याचा अपमान केला नाही, त्या चाकूकडे द्यायला ठिणगीच नव्हती.

जाता जाता: 'दोन्ही सैन्यांत चकमक झडली' असं आपण सर्रास लिहितो, पण शब्द मूळचा तुर्की. तिकडे आजही खिशातल्या लायटरला हाच शब्द आहे. लढाईच्या बातमीत तो शिरला तो बहुधा ठिणग्यांवरूनच. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीची, बंदूक मागे पडून चकमकीची आली, तिच्या घोड्यातसुद्धा गारगोटीच आवळलेली असे आणि ती पोलादी पट्टीवर आपटली की बारूद पेटे. तिथेही जळायचं ते पोलादच.

आता फेरो रॉड. हा अगदी अलीकडचा, १९०३ सालचा. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने काढला. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेत त्या गॅसबत्तीचं मँटल, म्हणजे आतली उजळणारी जाळी, याच माणसाचं. मँटलला थोरियम लागायचं, ते मोनाझाइटच्या वाळूतून काढत, आणि थोरियम काढून घेतल्यावर सेरियम-लँथनम वगैरे दुर्मिळ मृदा धातूंचा ढीग उरायचा, त्याला गिऱ्हाईक नव्हतं. आउअरने त्या उरलेल्या मिश्रणात सुमारे तीस टक्के लोखंड घातलं. सेरियम एकटं असलं तर मऊ. लोखंडाने ते कडक पण ठिसूळ होतं, खरवडलं की भुगा सांडतो. आणि सेरियमचा भुगा दीड-पावणेदोनशे अंशांतच पेट घेतो, म्हणजे पुरी तळायच्या तेलाच्या तापमानाला. एकदा पेटला की मात्र ठिणगी तीन हजार अंशांच्या आसपास जाते. सिगरेटच्या लायटरमधला तो बारकासा खडा, ज्याला आमच्याकडे दुकानदारसुद्धा पत्थर म्हणतात, तोही हाच मिश्रधातू. दगड म्हणायची खोड तिथूनच लागली असावी. (स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर मात्र तिसराच प्राणी. तिथे काहीच जळत नाही, स्फटिकावर हातोडी बसते आणि विजेची ठिणगी पडते.)

म्हणजे फेरो रॉडला पोलाद लागतच नाही. त्याला लागते फक्त त्याच्याहून कठीण आणि टोकदार कड. फुटक्या बाटलीची काच चालते, गारगोटीची ताजी कड चालते. आजोबांच्या गारगोटीने भाच्याची कांडी खरवडली तेव्हा ठिणग्यांचा नुसता पाऊस पडला, आणि 'एक्स्पायर' दगडाची अब्रू परत आली.

खरी गंमत ठिणगीखाली काय ठेवायचं यात आहे, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. चकमकीची ठिणगी एकटीदुकटी, बारीक, क्षणात विझणारी. ती साध्या कापसावर टाकली तर काही होत नाही. तिला आधीच अर्धवट जळलेलं काहीतरी लागतं. जुनं सुती धोतर किंवा गंजीफ्रॉक फाडून त्याचे तुकडे झाकणाच्या डबीत घालायचे, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं आणि डबी निखाऱ्यावर ठेवायची. भोकातून धूर येत राहतो. तो थांबला की उतरवायची आणि पूर्ण निवल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवा लागून सगळी राख होते. आतलं कापड काळंभोर, हलकं, बोटात चुरगळणारं होतं. हवा कमी म्हणून ते जळत नाही, नुसतं कोळसा होतं. त्यावर एक ठिणगी पडली की लाल ठिपका उमटतो आणि न विझता पसरत जातो. ज्वाला मात्र होत नाही. तो ठिपका सुतळीच्या पिंजलेल्या घरट्यात ठेवून फुंकावं लागतं. या कापडात एक धाग्याचाही पॉलिएस्टर चालत नाही, तो वितळून गोळा होतो.

फेरो रॉडची ठिणगी गरम, जाड, आणि एका ओढीत शेकडो. तिला हे सोपस्कार नकोत. आपल्या देवघरातली फुलवात घ्या, बोटांनी पिंजून ढगासारखी मोकळी करा, पहिल्या-दुसऱ्या ओढीत भडका. पण कोरडा कापूस पाच-दहा सेकंदांत संपतो, ओलसर काटक्या पेटायच्या आतच. म्हणून फुलवातीला व्हॅसलीन चोळायचं, अर्धा भाग कोरडा ठेवून. कोरडा भाग ठिणगी पकडतो, व्हॅसलीनचा भाग दोन-तीन मिनिटं तेवत राहतो. कापूरही उत्तम, कापसात चुरून घातला तर. फक्त तो उडून जातो. डबीत मिरे घालून ठेवायची आईची युक्ती असली तरी खिशात फिरणाऱ्या चाकूला ती पुरणारी नाही. प्लास्टिकच्या नळीत भरून दोन्ही टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करावीत.

आता चाकू. स्विस चाकूच्या मुठीत चिमटा आणि दातकोरणी अशी दोन भोकं असतात आणि दातकोरणीच्या जागी बारीक फेरो कांडी बसते. तिच्या टोकाला एम-सीलचा वाटाण्याएवढा गोळा लावला की नखात धरायला येते. नवी कांडी काळ्या लेपाची असते. तो लेप आधी खरवडून टाकावा, नाहीतर 'बोगस निघाली' म्हणून परत पाठवाल. खरवडताना पात्याची धार कधीच वापरू नये, दोन ओढीत तिची आरी होते. पात्याची पाठही बहुतेक चाकूंत गोलसर असते, ती कांडीवरून नुसती घसरते. करवतीची पाठ कोरीव असते, ती चालते.

पण इथे एक गोष्ट मी स्वतःच्या बोटावर शिकलो आहे. या छोट्या चाकूंना कुलूप नसतं, पातं नुसत्या स्प्रिंगवर उघडं राहतं. त्याच्या पाठीवर जोर दिला की ते मिटण्याच्या दिशेनेच जातं. चोरलच्या सहलीला मी करवतीच्या पाठीने कांडी खरवडत होतो, हात घामेजला होता, जोर जरा जास्त झाला आणि करवत तर्जनीवर मिटली. तीन टाके. तेव्हापासून चाकू स्थिर धरतो आणि कांडी मागे ओढतो. ठिणग्या तिथेच पडतात आणि रचलेला कापूसही उधळत नाही. त्याहून बरा उपाय म्हणजे चाकूने खरवडायचंच नाही. झिजलेल्या जुन्या कानशीचा बोटभर तुकडा घ्या. कानशीचं पोलाद भरपूर कार्बनचं, कडक पाण्याचं. त्याची कड फेरो रॉडला खरवडते, आणि तोच तुकडा गारगोटीवर मारला तर स्वतः ठिणगीही देतो. दोन्ही घराण्यांत चालणारा हा एकच जावई.

आमची पूर्ण पेटी अशी: चाकू, त्यात कांडी, कानशीचा तुकडा, आणि हे सगळं बांधायला सायकलच्या फुटक्या ट्यूबचा एक पट्टा. हा पट्टा ओला असला तरी पेटतो, काळा धूर सोडतो पण पावसात तोच वाचवतो. व्हॅसलीनची फुलवात भरलेल्या दोन नळ्या पट्ट्याखाली. मुठीएवढंही होत नाही.

काही जण मॅग्नेशियमची वडीसुद्धा घेतात, बाजूला फेरोची पट्टी बसवलेली. ती दिसायला तशीच राखाडी, म्हणून तिसरा घोळ. वडीतून ठिणगी येत नाही. तिचा कीस काढून त्यावर ठिणगी टाकायची. वाऱ्यात कीस उडतो, काढायला दहा मिनिटं जातात, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर आणखी भडकतं. मला ती पटली नाही.

पावसाळ्यात कोण टिकतं? कांडी भिजली तर पुसायची आणि खरवडायची, लगेच चालते. पण दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिली तर पांढरट भुकटी होऊन झिजते. नेलपॉलिशचा एक हात दिला की थांबतं. गारगोटीला पाण्याचं काही नाही, पण चकमकीचं पोलाद गंजतं आणि काळं कापड दमट झालं की मेलंच. माळव्याच्या काळ्या दगडात गारगोटी नि अकीक ठिकठिकाणी सापडतात, म्हणून 'दगड तर फुकट' असं वाटतं. पण नदीतला गुळगुळीत गोटा काही कामाचा नाही. तो फोडून ताजी कड काढावी लागते, आणि फोडताना चष्मा लावावा लागतो. तो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, स्वतः तर उपयोगाचाच नाही.

जंगलात मात्र यातलं काहीही पेटवायच्या आधी विचारून घ्या. राखीव वनात परवानगीशिवाय विस्तव करणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६खाली गुन्हा आहे, आणि फाल्गुनानंतर आमच्याकडचं सागाचं पान एका ठिणगीची वाट बघत असतं. सराव आम्ही गच्चीवर करतो, लोखंडी घमेल्यात, शेजारी पाण्याची बादली ठेवून.

त्या दिवशी शेवटी भाच्याने आजोबांची चकमक हातात घेतली. मी धोतराच्या जळक्या तुकड्याची चिमूट गारगोटीच्या कडेवर अंगठ्याने धरायला शिकवलं. बाराव्या की तेराव्या फटक्याला एक ठिपका लाल झाला. त्याने तो सुतळीत गुंडाळला, फुंकलं, धुराने डोळे चोळले, पुन्हा फुंकलं, आणि ज्वाला आली तेव्हा खालून ताईचा आवाज आला, "गच्चीवर काय जळतंय रे?"

"लोखंड," तो ओरडला.