पुडी आणायला गेलेलं पोर: अल्पवयीनांना तंबाखू विकण्यावरील बंदीची पार्श्वभूमी

"जा रे, नाक्यावरून तंबाखूची पुडी आण, आणि उरलेल्या पैशांची गोळी घे." माझ्या वयाच्या बहुतेक मराठी माणसांनी हे वाक्य घरातल्या कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल. आजोबांची तंबाखू असो, काकांची सिगारेट असो की आजीच्या मशेरीसाठीची पानं, आणायला धाडलं जायचं ते घरातलं सगळ्यात लहान पोर. माल कुणासाठी चाललाय हे दुकानदाराला ठाऊक असायचं, त्यामुळे त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. कायद्याच्या लेखी मात्र हा व्यवहार २००४ पासून गुन्हा आहे. पुडी कुणासाठी, हा प्रश्नच कायदा विचारत नाही. घेणाऱ्याचं वय अठराच्या आत असेल तर विकणारा दोषी. एवढ्या साध्या नियमापर्यंत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. तेवढ्या काळात दोष पोराचा, विकणाऱ्याचा की पाठवणाऱ्याचा, याचं उत्तर बदलत गेलं, आणि अजूनही ते पुरतं ठरलेलं नाही.

सुरुवात ब्रिटनमधली. तिथल्या १९०८ च्या बालकायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलांना सिगारेट विकायला बंदी केली. त्यात एक बारीक भेद होता. सिगारेट असेल तर ती मुलासाठी की दुसऱ्या कुणासाठी हे पाहायचं नाही, विकली की गुन्हा. इतर तंबाखूच्या बाबतीत मात्र मूल ती स्वतः वापरणार आहे असं वाटण्याचं काही कारण दुकानदाराला नसेल, तर तो सुटत असे. थोडक्यात, बापाच्या पाइपसाठी तंबाखू आणायला निघालेल्या मुलाला कायद्यानेच वाट मोकळी ठेवली होती. गणवेशातल्या पोलिसाला आणि बागेच्या रखवालदाराला रस्त्यात सिगारेट ओढणाऱ्या मुलाकडून ती काढून घ्यायचा अधिकारही याच कायद्याने दिला. दहा वर्षांनी तो विचार हिंदुस्थानात उतरला: पंजाबात १९१८ साली आणि बंगालमध्ये १९१९ साली अल्पवयीनांच्या धूम्रपानाविरुद्ध प्रांतिक कायदे झाले. वयोमर्यादा तीच, सोळा. नजर धुरावर होती हे त्यांच्या नावातच दिसतं.

स्वातंत्र्यानंतरही ही नजर लवकर हटली नाही. संसदेने १९७५ साली सिगारेटविषयीचा कायदा केला आणि १ एप्रिल १९७६ पासून पाकिटावर वैधानिक इशारा आला. बिडी त्या कायद्याबाहेर, चघळायची तंबाखू बाहेर, आणि मुलांना विक्री करू नका असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही मोठीच फट होती, कारण आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरणारे निघाले, धूम्रपान करणारे ३.८ टक्के. हातावर चुना लावून मळलेली तंबाखू, तव्यावर भाजून कुटलेली मशेरी, विदर्भात प्लास्टिकच्या तुकड्यावर घासून दिलेला खर्रा, इकडे मावा. मशेरी तर अनेक घरांत दात घासायची वस्तू म्हणूनच मुलांच्या हाती आली. तिला कुणी व्यसन म्हणत नसे.

त्यात गुटख्याची पुडी आली. १९८० आणि ९० च्या दशकांत सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि सुगंध यांचं तयार मिश्रण रुपया-दोन रुपयांच्या चकचकीत पाकिटात टपरीवर लटकू लागलं. पाकिटांची माळ गोळ्या-चॉकलेटच्या बरणीशेजारी, मुलाच्या नजरेच्या उंचीवर. खाऊच्या पैशांत बसणारी किंमत, गोड वास, धूर नाही म्हणून घरी कळायची भीतीही नाही. माझ्या मते मुलांच्या तंबाखूचा खरा इतिहास या पाकिटापासून सुरू होतो. सिगारेटवर लक्ष ठेवून बसलेल्या कायद्याला त्याची चाहूल उशिरा लागली.

राज्यं मात्र केंद्राच्या आधी हलली. दिल्लीचा १९९६ चा कायदा २६ जानेवारी १९९७ पासून लागू झाला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला विक्री बंद होती आणि शाळा-कॉलेजपासून १०० मीटरच्या आतही विक्री बंद होती. गोव्याच्या विधानसभेने १९९७ साली धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान थांबवण्याचे आदेश दिले. तोवर संसदेत नवं विधेयक येऊन पडलेलं होतं. १८ मे २००३ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा, लोकांच्या बोलण्यातला 'कोटपा', अस्तित्वात आला. नावातला 'अन्य' हा शब्द महत्त्वाचा. त्याने बिडी, खैनी, गुटखा, तंबाखूचा पानमसाला, सगळं एका छपराखाली आणलं.

या कायद्याचं कलम ६ दोन ओळींचं आहे. अठरा वर्षांखालील कुणालाही तंबाखूजन्य वस्तू विकायची नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या परिघात कुणालाच विकायची नाही. पहिला भाग १ मे २००४ पासून अमलात आला, दुसरा त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि मोजायचे ते संस्थेच्या बाहेरच्या भिंतीपासून किंवा कुंपणापासून. दुकानात ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावून अठरा वर्षांखालील व्यक्तीला विक्री हा दंडनीय गुन्हा असल्याचं लिहिणं बंधनकारक झालं. नियमांतली सर्वांत मोलाची गोष्ट त्या पाटीपेक्षा वेगळी होती: समोरचा गिऱ्हाईक अल्पवयीन नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली गेली. १९०८ साली पोलीस पोराच्या हातातली सिगारेट हिसकावून घेत होता, २००४ साली प्रश्न काउंटरपलीकडच्या माणसाला विचारला जाऊ लागला. ही उलटापालट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

पण शिक्षा? जास्तीत जास्त २०० रुपये दंड, तोही तडजोडीने जागेवर मिटणारा. २०११ साली नियम आणखी आवळले. विक्रीयंत्र नको, अठराच्या आतल्या मुलाला गल्ल्यावर बसवून विक्री नको, मुलांच्या हाताला लागेल अशी मांडणी नको. गल्ल्यावरच्या मुलाचा उल्लेख पाहून बरं वाटतं, कारण बापाची टपरी सांभाळणारं दहा-बारा वर्षांचं पोर आपण सगळ्यांनी पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या सोळाव्या कलमात मुलांना विक्री आणि मुलांकडून विक्री या दोन्हींचा विचार आहे. भारताने तो करार ५ फेब्रुवारी २००४ रोजी मान्य केला. दंडाचा आकडा मात्र २०० वरच राहिला.

महाराष्ट्राने दुसरीही वाट धरून पाहिली होती: वय विचारत बसण्यापेक्षा वस्तूच बंद करायची. १ ऑगस्ट २००२ पासून राज्याने गुटखा आणि पानमसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अन्नभेसळ कायद्याखालचा असा अधिकार तात्पुरत्या, स्थानिक अडचणीसाठी आहे, कायमच्या धोरणासाठी नाही, असा निकालाचा रोख होता. अन्नसुरक्षेचे २०११ चे केंद्रीय नियम आले, त्यांत कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन घालायला मनाई झाली, आणि त्या आधारावर मध्य प्रदेशने एप्रिल २०१२ मध्ये व महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा पुन्हा बंद केला. तेव्हापासून बंदीचा आदेश वर्षावर्षाने वाढवला जातो. साधी मळायची तंबाखू, सिगारेट आणि बिडी या बंदीत येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मुलांचं संरक्षण कलम ६ वरच अवलंबून आहे.

मग २०१५ चा बाल न्याय कायदा आला आणि चित्र विचित्र झालं. त्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्या दिवसापासून एकाच पुडीवर दोन कायदे झाले, एक २०० रुपयांचा आणि एक सात वर्षांचा. कोणतं कलम लावायचं हे पोलिसाच्या मनावर. दारिद्र्याने टपरी चालवणाऱ्या माणसाला सात वर्षं हे मला जड वाटतं, आणि २०० रुपये ही तर मुलांच्या आरोग्याची थट्टा आहे. मधलं काहीतरी हवं होतं.

शाळांच्या बाजूने दिसणारं सर्वांत ठळक काम म्हणजे तंबाखूमुक्त शाळांचे निकष. त्यांत १०० यार्डांची हद्द दाखवणारी पिवळी रेषा रस्त्यावर आखायची असते. ही रेषा मला आवडते, कारण 'परिघ' हा कागदावरचा शब्द तिच्यामुळे पायाखाली येतो. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियानाने दारूबरोबर तंबाखूही गावपातळीवर हाताळली, खर्ऱ्याच्या मुलखात. तेरा ते पंधरा वयोगटातल्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी सर्वेक्षणात तंबाखू वापरणारे २००९ साली १४.६ टक्के होते, २०१९ साली ८.५ टक्के. हे यश आहे. पण त्याच २०१९ च्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरू केलेली होती. दहा वर्षांचं मूल अठराचं दिसत नाही. वयाचा पुरावा मागायची तिथे गरजच नव्हती.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवलं की तंबाखू विकायला स्थानिक संस्थेचा परवाना लागावा आणि अशा दुकानात चॉकलेट, चिप्स, बिस्किटं, शीतपेयं ठेवू देऊ नयेत. टपरीवाल्यांच्या पोटापाण्याचा मुद्दा लगेच पुढे आला, आणि तो खोटा नव्हता. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीची विक्री बंद केली, कारण खाऊच्या पैशांत बसते ती एक सुटी सिगारेट, पाकीट नाही. वयोमर्यादा एकवीस करणारा केंद्राचा दुरुस्ती-मसुदा २०२१ च्या सुरुवातीला हरकतींसाठी खुला झाला आणि तिथेच थांबला. शेजारच्या कर्नाटकाने स्वतःची दुरुस्ती करून २०२५ साली मर्यादा एकवीसवर नेली, दंडही हजार रुपये केला. महाराष्ट्रात ती अठराच आहे.

राहिला पाठवणारा. बाल न्याय कायद्याचं कलम ७८ मुलाकडून दारू आणि अमली पदार्थांची ने-आण करवून घेणाऱ्यालाही शिक्षा सांगतं. त्या यादीत तंबाखू नाही. आजोबांची पुडी आणायला निघालेल्या पोराच्या हातात ती ठेवणारा टपरीवाला गुन्हेगार ठरतो. पोराला पैसे देऊन धाडणाऱ्याचं नाव घेऊन बोलणारं कलम मात्र अजून लिहिलं गेलेलं नाही.