बिग डेटा परिषदांमधल्या कार्यशाळांचा मागचा इतिहास

आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेची बिग डेटा (म्हणजे नेहमीच्या साधनांना न झेपणारी प्रचंड माहिती) परिषद तशी अलीकडची. पहिली भरली २०१३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे. मोठ्या परिषदेच्या मांडवात आपला वेगळा विषय घेऊन एखादा दिवस मागून घ्यायचा, म्हणजे कार्यशाळा भरवायची, हा रिवाज मात्र तिच्याहून कितीतरी जुना. (आपल्या कॉलेजांतल्या दोन दिवसांच्या प्रमाणपत्रवाल्या कार्यशाळा वेगळ्या, इथे शोधनिबंध मागवले जातात, तपासले जातात.)

या क्षेत्रातलं सगळ्यात ठळक उदाहरण १९८९ चं. डेट्रॉइटला कृत्रिम बुद्धिमत्तेची आंतरराष्ट्रीय परिषद होती. जीटीई या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतले ग्रेगरी पियातेत्स्की-शापिरो यांनी तिथे प्रचंड डेटाबेसमधून उपयोगी माहिती शोधण्यावर कार्यशाळा घेतली. 'डेटा मायनिंग' हे नाव तेव्हा संख्याशास्त्रज्ञांत बदनाम होतं. हवा तो निष्कर्ष हाती लागेपर्यंत आकडे उकरत बसणं, असा त्याचा वास येई. म्हणून नाव ठेवलं 'नॉलेज डिस्कव्हरी इन डेटाबेसेस', म्हणजेच केडीडी. १९९१, १९९३ आणि १९९४ मध्ये पुन्हा कार्यशाळा झाल्या आणि १९९५ मध्ये माँट्रियलला केडीडी स्वतंत्र परिषद म्हणून उभी राहिली.

पुढे बिग डेटाची अवजारंही याच दाराने आली. स्पार्क ही अनेक संगणकांवर मिळून प्रचंड डेटा हाताळणारी प्रणाली. तिच्यावरचा पहिला निबंध २०१० च्या हॉटक्लाउड या क्लाउड संगणनावरच्या कार्यशाळेतला. तेच गणित पुन्हापुन्हा करणाऱ्या मशीन लर्निंगच्या कामात स्पार्क हडूप या त्याआधीच्या प्रणालीच्या दहापट वेगवान ठरू शकतो आणि ३९ जीबी डेटाला प्रश्न विचारला तर सेकंदाच्या आत उत्तर देतो, असा त्यातला दावा. त्यामागची कल्पना सविस्तर मांडणारा निबंध मुख्य परिषदेत यायला २०१२ उजाडलं. संदेश आणि नोंदींचा अखंड ओघ एका प्रणालीतून दुसरीत पोचवणाऱ्या काफ्काचंही तसंच. लिंक्डइनमधल्या तिघांनी तो २०११ मध्ये अथेन्सला, सिग्मॉड या डेटाबेसवरच्या परिषदेला जोडून झालेल्या नेटडीबी कार्यशाळेत मांडला. त्या तिघांतल्या नेहा नारखेडे पुण्याच्या.

दरम्यान कार्यशाळा मागण्याची रीतही पक्की होत गेली. परिषदेच्या कित्येक महिने आधी प्रस्ताव मागवतात. चार-पाच पानांत विषय, तो आत्ताच का, आयोजक कोण, निबंध कोण तपासणार, अर्धा दिवस की पूर्ण, किती निबंध येतील, हे लिहायचं. खरी कसोटी 'आत्ताच का' या भागात लागते. बाकीचं बरंचसं मागच्या वर्षीच्या प्रस्तावातून उचललेलं असतं, हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक असतं. तारखाही हिशेबाने ठरतात. बऱ्याच ठिकाणी कार्यशाळेची मुदत मुख्य परिषदेच्या निकालानंतर ठेवतात, म्हणजे तिथे नाकारलेले निबंध इकडे वळतात.

कार्यशाळांचा स्वभाव बदलला तो प्रकाशनाच्या नोंदीमुळे. जर्मनीतल्या आखेनहून १९९५ पासून चालणाऱ्या सीईयूआर या प्रकाशन मालिकेने कार्यशाळांचे निबंध इंटरनेटवर फुकट उपलब्ध केले. आयईईई बिग डेटा तर मुख्य निबंधांबरोबर कार्यशाळांचे निबंधही इतिवृत्तात (परिषदेच्या निबंधसंग्रहात) छापते. लेखकाच्या खात्यावर एक प्रकाशन जमा होतं, पण त्यासाठी परिषदेची नोंदणी भरावी लागते, आणि ती स्वस्त नसते. त्यामुळे आयोजकांचं लक्ष चर्चेपेक्षा निबंधांच्या संख्येकडे अधिक, असं आता बऱ्याचदा दिसतं. पुरेसे निबंध आले नाहीत, तर मंजूर झालेली कार्यशाळाही दुसरीत मिसळली जाते किंवा रद्द होते.